एक जूनचे आजोबा: लहान मुलांना इतिहास शिकवताना

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलणाऱ्या ताई आपल्या जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत प्राथमिक शिक्षिका आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. गावाचं आणि मुलांचं नाव त्यांच्या विनंतीवरून घेतलेलं नाही.)

इयरफोन लावून एसटीत बसलेले, कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेले, भाकरी थापता थापता ऐकणारे, सगळ्यांना नमस्कार. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण बोलताना माझ्या तोंडात सवयीनं 'नगर' येणार. तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच एक काम सांगते. घरातल्या मोठ्या माणसांचे वाढदिवस आठवा. आजोबा, चुलत आजोबा, शेजारचे काका. त्यातल्या किती जणांचा वाढदिवस एक जूनला येतो? मला खात्री आहे, एक तरी निघणारच. काहींच्या घरात तर दोन-तीन निघतील. फेसबुकवर एक जूनला शुभेच्छा देऊन देऊन आपला अंगठा दुखतो.

माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलानं हाच प्रश्न विचारला होता. म्हणाला, "मॅडम, माझे आजोबा एक जूनचे, याचे पण एक जूनचे. हे जुळे आहेत का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं, की वर्षभर मी ज्याची वाट बघते तो इतिहासाचा तास या पोरानं फुकटात सुरू करून दिलाय.

आमच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर आहे. शाळेत नाव दाखल होताना ज्यात नोंद होते ते. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि मुलांना सांगितलं, हात लावायचा नाही, मी पान उलटते, तुम्ही फक्त जन्मतारखेचा रकाना बघायचा आणि मोजायचं. फळ्यावर बारा महिने लिहिले आणि प्रत्येक महिन्यापुढं रेघा मारत गेलो. जूनपुढच्या रेघा फळ्याच्या कडेपर्यंत गेल्या. बाकी महिने बिचारे रिकामे.

मग मी विचारलं, "काय वाटतं? आपल्या गावात पूर्वी पोरं जूनमध्येच जन्मायची?"

मुलं विचार करायला लागली. एक म्हणाला, पावसाळ्याच्या आधी जन्मत असतील. एकीनं सांगितलं, नाही, लिहिणाऱ्यानं आळस केला असेल. तिसरी हुशार. ती म्हणाली, "मॅडम, शाळा जूनमध्येच सुरू होते ना?"

तिथं गाठ सुटली. त्या काळात बाळ घरी जन्मायचं आणि कागदावर नोंद बहुतेक घरांत नसायची. आईला विचारलं तर ती सांगायची, सुगीत झाला, पोळ्याला झाला, मोठा पाऊस झाला त्या साली झाला. गुरुजी घरोघर फिरून मुलं गोळा करायचे. पहिलीत घ्यायला वय भरावं लागायचं. मग गुरुजी पोराकडं बघून अंदाज बांधायचे आणि रकान्यात लिहून टाकायचे, एक जून. पोराचं वय भरलं, पोरगं शाळेत आलं.

मग साहजिक पुढचा प्रश्न आला: "म्हणजे रजिस्टर खोटं आहे?"

मंडळी, आज मला तुमच्याशी खरं तर याच प्रश्नावर बोलायचंय. मी मुलांना सांगितलं, आजोबा कधी जन्मले हे या रजिस्टरला नीट माहीत नाही. पण आजोबा शाळेत कधी आले, ते याला पक्कं माहीत आहे. घरात जन्माची नोंद ठेवत नव्हते, हेही ते सांगतं. शाळेत पोरं यावीत म्हणून गुरुजींची किती धडपड चालायची, हेही सांगतं. एकच कागद एका प्रश्नाला चुकीचं उत्तर देतो आणि तीन प्रश्नांना बरोबर. म्हणून कागद हातात आला की आधी तीन गोष्टी विचारायच्या: कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं.

नऊ वर्षांच्या मुलांना हे जमलं. अर्ध्या तासात जमलं. आणि तुम्हाला सांगते, डी.एड. झालेल्या मला ते नोकरीची कितीतरी वर्षं जमलं नव्हतं.

आपण सगळे इतिहास कसे शिकलो? चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक. महाराष्ट्रातलं बहुधा सगळ्यात प्रेमानं वाचलं गेलेलं पाठ्यपुस्तक तेच असेल. त्यानं आपल्याला इतिहासाची गोडी लावली. पण परीक्षा आली की काय? रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कुणास म्हणाले. पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ 'इतिहास म्हणजे काय?' असा आहे. पुरावा, साधनं, कालगणना हे सगळं त्यात आहे. म्हणजे अभ्यासक्रमात नाही अशी तक्रार मला करताच येत नाही. आम्ही शिक्षक तो पाठसुद्धा प्रश्नोत्तरं लिहून देऊन संपवतो. मीही तसंच करायचे.

अमेरिकेत सॅम वाइनबर्ग नावाचे एक अभ्यासक आहेत. १९९१ मध्ये त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काही इतिहासकारांना आणि शाळेतल्या हुशार मुलांना त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या एका चकमकीबद्दलचे तेच ते कागद वाचायला दिले. मुलांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि शेवटापर्यंत गेली. इतिहासकार मात्र आधी खाली गेले. हे कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय ते बघितलं आणि मगच वर येऊन मजकूर वाचला. फरक केवढासा, नजर आधी कुठं जाते एवढाच. पण मला तो वाचून लाज वाटली, कारण मी व्हॉट्सॲपचा मेसेज नेहमी पहिल्या ओळीपासूनच वाचत आले होते.

तर आता माझी स्वतःची चूक सांगते.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू दिसते. आपल्याकडं लहान पोरालाही विचारा, तो सांगेल, चांदबिबीचा महाल. शाळेच्या सहली तिथं जातात. मीही नेल्या. आणि मुलांना सांगितलं, चांदबिबी इथं राहायची, इथून ती शत्रूचं सैन्य बघायची. कुणी सांगितलं होतं मला? माझ्या लहानपणीच्या सहलीतल्या सरांनी. त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्या सरांनी असेल.

ती वास्तू महाल नाही. ती कबर आहे. सलाबतखानाची. निजामशाहीतला मूर्तझा निजामशाह, त्याचा हा मंत्री. चांदबिबीचं नाव पुढं लोकांनी दिलं आणि ते चिकटलं.

चांदबिबी मात्र खरी आणि तिचा पराक्रमही खरा. निजामशाहीची लेक, विजापूरच्या आदिलशाहीची सून. १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेनं नगरच्या किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा किल्ला लढवला तो तिनं. सुरुंगानं तट पडला, तरी किल्ला पडू दिला नाही. पुढं १६०० मध्ये तिच्याच बाजूच्या लोकांनी तिला मारलं आणि किल्ला मुघलांकडं गेला. हे सगळं घडलं ते किल्ल्यात. डोंगरावरच्या त्या वास्तूत नाही.

हे मला कळलं त्या वर्षी मी सहल वेगळ्या पद्धतीनं नेली. आधी काहीच सांगितलं नाही. मुलांना वहीत दोन रकाने आखायला लावले. एकात 'लोक काय म्हणतात', दुसऱ्यात 'मला काय दिसतं'. आणि वर पोचल्यावर म्हटलं, तुम्ही समजा या महालात राहायला आलात. स्वयंपाक कुठं कराल, झोपाल कुठं, पाणी कुठून आणाल? पोरं आत-बाहेर पळायला लागली. परत येऊन म्हणाली, मॅडम, चूल कुठं मांडायची तेच कळत नाही. एकाला कबर दिसली. तो पळत आला, "मॅडम, घरात कबर कशाला असेल?" एक मुलगी कमानीत उभी राहिली, सगळीकडं बघितलं आणि म्हणाली, "राहायला नाही, पण लांबून दिसायला बांधलंय." किती अचूक निरीक्षण! पुस्तकातून हे वाक्य मिळालं नसतं.

मी खूश होऊन घरी आले. आणि रात्री फोन वाजला. एका मुलाचे वडील. आवाज चढलेला. "मॅडम, तुम्ही पोरांना काय शिकवता? पोरगं आज्जीला म्हणतंय, तू खोटं बोलती. आज्जी जेवली नाही."

मी गप्पच झाले. त्यांचं चूक नव्हतं. मी मुलांच्या हातात एक हत्यार दिलं होतं आणि ते कसं धरायचं ते सांगितलंच नव्हतं. पुरावा शोधायला शिकवलं, पण ज्यांनी आपल्याला मांडीवर बसवून गोष्टी सांगितल्या त्यांच्याशी बोलायचं कसं, हे शिकवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी वहीत तिसरा रकाना आला: 'लोक असं का म्हणत असतील?' आणि आज्जीला विचारायचा प्रश्न बदलला. 'हे खरं आहे का?' असं विचारायचं नाही. विचारायचं, "आज्जी, तुला हे कुणी सांगितलं?" तोच मुलगा आज्जीकडून उत्तर घेऊन आला. आज्जी म्हणाली होती, माझ्या आईनं सांगितलं, आम्ही तिकडं सरपणाला जायचो तेव्हा. मग वर्गात चर्चा झाली. चारशे वर्षांपूर्वीच्या मंत्र्याचं नाव लोक विसरले, पण लढलेल्या बाईचं नाव त्यांनी डोंगरावर नेऊन ठेवलं. म्हणजे आज्जीची गोष्ट त्या वास्तूबद्दल चुकीची असेल, पण लोकांना कोण आठवतं याबद्दल ती अगदी खरी आहे. त्या मुलानं घरी जाऊन हे आज्जीला सांगितलं. वडिलांचा परत फोन आला नाही. पण पुढच्या पालकसभेला आज्जी स्वतः आली आणि पहिल्या रांगेत बसली.

आज्ज्यांवरून पुढचा प्रयोग. ७२ चा दुष्काळ. आपल्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो. मी आधी मुलांना दोरीवर काळ मांडायला शिकवलं. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, त्यावर कपड्यांचे चिमटे, प्रत्येक चिमट्याला कागद. स्वतःचा जन्म, आईचा जन्म, आज्जीचा जन्म. मग १९७२ चा चिमटा लावला. एका मुलीनं आज्जीच्या चिमट्यापासून मोजलं आणि ओरडलीच, "मॅडम, तेव्हा आज्जी आठ वर्षांची होती! माझ्यापेक्षा लहान!"

तोपर्यंत तिच्या डोक्यात आज्जी जन्मापासून आज्जीच होती.

मग पोरं घरोघर विचारायला गेली. एका आज्जीनं सांगितलं, आई खडी फोडायला जायची, मी धाकट्या भावाला सांभाळत झाडाखाली बसायची, कामावर सुकडी मिळायची. दुसरी म्हणाली, कसली सुकडी? आम्ही मिलो खाल्ला. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. तिसऱ्या आजोबांनी सांगितलं, आमच्या विहिरीला पाणी होतं, आम्हाला एवढा त्रास नाही झाला.

मुलं गोंधळली. कोण खरं बोलतंय? मी म्हटलं, तिघंही बोलत असतील. मग फरक कशामुळं पडला? कुणाची विहीर होती, कुणाला जमीनच नव्हती. एकच दुष्काळ, पण घरानुसार वेगळा. आणि जिथं तिघांचं जुळतं, ते काय? पाझर तलावाचं काम. तिघांनाही ते आठवत होतं. मग आम्ही तलावावर गेलो. ज्या बांधावर ही पोरं गुरं चारतात, तो त्यांच्याच आज्ज्यांच्या आयांनी डोक्यावर पाट्या वाहून घातलेला आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्या दुष्काळी कामांमधून पुढं महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. देशभराचा रोजगार हमीचा कायदा २००५ मध्ये आला. चौथीच्या मुलांना कायद्याचं काय कळतं असं वाटेल. पण ज्या पोरानं आज्जीच्या तोंडून खडी फोडल्याचं ऐकलंय, त्याला तो कायदा लगेच कळतो.

आता जी गोष्ट सांगते, ती सांगताना मला अजूनही थोडं जड जातं.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो १९५० च्या सुमारास. तेव्हापासून दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि आमच्या वर्गात चार-सहा महिन्यांसाठी नवी मुलं येतात. त्या वर्षी एक मुलगी आली. मी सगळ्यांना सांगितलं होतं, घरातली एक जुनी वस्तू किंवा कागद आणा. कुणी पितळी तांब्या आणला, कुणी सातबारा, कुणी लग्नाची पत्रिका. ही काहीच घेऊन आली नाही.

मी विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं जुनं काही नसतं मॅडम. कोपीत काय ठेवायचं?"

मला माझ्याच गृहपाठाचा राग आला. सावरून घ्यायचं म्हणून विचारलं, कुठं काही लिहिलेलं तरी असेल? ती म्हणाली, "वही आहे. पण ती मुकादमाकडं असती."

वर्गातल्या मुलांना आता प्रश्न विचारायची सवय झाली होती. त्यांनीच सुरू केलं.

"वहीत काय लिहितात?"

"उचल किती घेतली ते."

"कोण लिहितं?"

"मुकादम."

"नाव कुणाचं असतं?"

"पप्पांचं."

"आणि आईचं?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आईचं नसतं. दोघं मिळून एक कोयता धरतात."

तुम्हाला माहीत असेल, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. सगळा वर्ग शांत. मग आमच्याच गावातली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे शंभर वर्षांनी कुणी ती वही वाचली, तर त्याला वाटेल हिची आई ऊस तोडतच नव्हती."

मोठमोठे इतिहासकार ज्यावर पुस्तकं लिहितात, ते हेच की साधनात काय नाही तेही वाचायचं असतं. ते एका चौथीच्या मुलीनं मैत्रिणीकडं बघून सांगितलं. मी काही बोलले नाही. त्या दिवशी ऊसतोडीच्या मुलीनं आईची माहिती सांगितली आणि बाकीच्यांनी ती लिहून घेतली. पहाटे किती वाजता उठते, किती मोळ्या बांधते, कुठल्या कुठल्या गावात कोपी पडली. खाली तारीख, सांगणारीचं नाव, लिहिणाऱ्यांची नावं. तो कागद आमच्या शाळेच्या कपाटात आहे. आता तिच्या घरचाही एक कागद आहे.

त्यानंतर मी मुलांना दायमाबादची गोष्ट सांगितली. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथं छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या गावकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारही भरीव, मिळून वजन साठ किलोंच्या वर. आज भारतातल्या प्राचीन धातुकलेची गोष्ट निघाली की दायमाबादचं नाव घ्यावंच लागतं. आणि सापडल्या कुणाला? कुठल्या प्राध्यापकाला नाही, मातीत हात घालणाऱ्या माणसाला. बरं झालं, त्यांचं नाव नोंदलं गेलं.

मुलांना आवडला तो पुढचा भाग. या वस्तू किती जुन्या? काही तज्ज्ञ म्हणतात सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या. काहींनी धातूची तपासणी करून शंका घेतली, की यातलं आर्सेनिकचं प्रमाण त्या काळच्या बाकी वस्तूंशी जुळत नाही. भांडण का? कारण या वस्तू उत्खननात, मातीच्या ठरलेल्या थरात सापडल्या नाहीत. थर माहीत असता तर काळ सांगणं सोपं गेलं असतं. मुलांना मी म्हटलं, एवढे मोठे लोकसुद्धा म्हणतात, 'पक्कं सांगता येत नाही.' तेव्हा तुम्हीही म्हणू शकता. माझ्या वर्गात ते बरोबर उत्तर धरलं जातं. अट एकच, का सांगता येत नाही ते सांगायचं.

आता कुणी म्हणेल, ताई, अशानं मुलं कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. ज्याचं त्याचं खरं होऊन बसेल. ही भीती मला रास्त वाटते. म्हणून मी मुलांना दुसरी बाजूही शिकवते. सगळे पुरावे सारखे नसतात. डोळ्यांनी बघितलेल्याचं सांगणं आणि ऐकीव सांगणं यांचं वजन वेगळं. दोन वेगळ्या ठिकाणांहून तेच आलं तर वजन वाढतं. आणि काही गोष्टी चक्क चूक असतात. मी एकदा मुलांना एक पिवळा पडलेला कागद दाखवला. चहाच्या पाण्यात बुडवून मीच केला होता. वर लिहिलं, 'सन १९५०, मुक्काम अहिल्यानगर'. दोन मिनिटांत मुलांनी पकडलं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, मग १९५० चा माणूस ते लिहील कसं? अहिल्याबाई याच जिल्ह्यात चौंडीला १७२५ मध्ये जन्मल्या हे खरं, पण हे पत्र खोटं. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मुलांना कळलं.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तर चौथीत नाही. कारण माझ्या वर्गातली पोरं अजून पाच-सहा वर्षांत तुमच्यासारखी फोन हातात घेणार आहेत, आणि तुम्ही तर आत्ताच घेतलाय. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून काय झालं ते आठवा. दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. इतिहासातल्या माणसांवरून आजची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. अशा वेळी नावं लागतात ती विशीतल्या पोरांची. त्यांच्या आया पोलीस ठाण्याबाहेर बसतात. माझा एखादा विद्यार्थी उद्या तिथं असू नये, एवढीच माझी धडपड आहे. त्यानं फॉरवर्ड करायच्या आधी बोट एक मिनिट थांबवावं. कुणी लिहिलंय? कधीचं आहे? मला हे पाठवून कुणाला काय मिळणार आहे? दुसरीकडं कुठं हेच सापडतं का? आणि ज्याची आई-आज्जी, जात, धर्म, गाव यात ओढलं जातंय, त्यांना विचारलंय का कुणी?

तर आता तुमचा गृहपाठ. मॅडम बोलायला आली म्हटल्यावर गृहपाठ असणारच.

एक. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. फोनचा रेकॉर्डर लावा, पण आधी विचारा, लावू का म्हणून. सुरुवातीला तुमचं नाव, त्यांचं नाव, तारीख आणि गाव बोला. मग एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. ७२ चा दुष्काळ नाहीतर गावात पहिल्यांदा लाईट आली ती रात्र, काहीही. मध्ये बोलू नका. म्हातारी माणसं थांबतात तेव्हा ती विसरलेली नसतात, बरेचदा ती आठवत असतात.

दोन. गावातल्या एका जुन्या वस्तूबद्दल तीन रकाने भरा. देवळाबाहेर शेंदूर फासलेला वीरगळ असेल, बारव असेल, पडकी वेस असेल. लोक काय म्हणतात, मला काय दिसतं, लोक असं का म्हणत असतील.

तीन. तुमच्यातलं कुणी शिक्षक होणार असेल तर यातलं एक काहीही पहिल्याच वर्षी करून बघा. दोरी, चिमटे आणि जुनं रजिस्टर एवढ्यानं भागतं. निधी लागत नाही.

जाता जाता त्या पहिल्या मुलाच्या आजोबांचं सांगते. रजिस्टरमध्ये त्यांची तारीख १ जून १९७०. नातवानं आजोबांच्या थोरल्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "दुष्काळाच्या आदल्या साली, पोळ्याच्या दिवशी. बैल रंगवायचे राहिले होते, मला चांगलं आठवतं." म्हणजे १९७१, श्रावणातली अमावास्या, ऑगस्ट महिना. गुरुजींनी वर्षभर आधीच जन्माला घातला होता त्यांना, शाळेत घ्यायचं म्हणून!

मुलांनी वर्गात बराच वाद घातला. आजोबांच्या बहिणीचं धरायचं का रजिस्टरचं? शेवटी ठरलं, जन्मासाठी बहिणीचं धरायचं, कारण ती तिथं होती. आणि शाळेसाठी रजिस्टरचं. आधार कार्ड काही बदलणार नाही, ते राहील एक जूनच.

पण त्या पोळ्याला पोरं बैलांच्या मिरवणुकीतून थेट आजोबांच्या दारात गेली आणि त्यांना शुभेच्छा दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. आजोबा म्हणाले, "अरे, मला कुणी सांगितलंच नव्हतं."

नातू म्हणाला, "तुम्ही कुणाला विचारलंच नव्हतं ना."

चला, थांबते. रेकॉर्डिंग केलंत तर जपून ठेवा, आणि नाव-तारीख घालायला विसरू नका. नमस्कार.